तालुक्याच्या गावी दहा इंजिनिअरांचं ऑफिस: खोली, लाईन, गारवा, नेट

पुण्या-बंगळुरातल्या झपाट्यानं वाढणाऱ्या कंपन्या आता आर्वी, दारव्हा, वरोरा अशा गावांतल्या इंजिनिअरांना म्हणतात, शहरात येऊ नका, तिथंच बसा, छोटं ऑफिस काढू. मग मुख्य ऑफिसातून यादी येते: पांढरी टेबलं, एक रंगीत भिंत, कॉफीचं मशीन, दारावर पाटी. ही यादी हिंजवडीतल्या इमारतीसाठी केलेली असते. तिथं लाईन (म्हणजे वीज), गारवा आणि नेट भाड्यातच मिळतं. विदर्भातल्या तालुक्याच्या गावी भाड्यात मिळतात त्या चार भिंती, फार तर एक पंखा.

म्हणून खर्चाचा क्रम बदला. आधी खोली, मग लाईन, मग गारवा, मग नेट, मग आवाज आणि त्यानंतर टेबल-खुर्ची. रंगीत भिंत पैसे उरले तर. खालचे आकडे दहा माणसांसाठी, २४ बाय २२ फुटांचा आणि १० फूट उंचीचा हॉल धरून दिले आहेत. माणशी पन्नास चौरस फुटांच्या खाली जाऊ नका. कंपनी वाढती असेल तर वर्षभरात आणखी चार टेबलं घुसवायची वेळ येणारच.

खोली बघायला दुपारी नको, संध्याकाळी सहाला जा

मे महिन्यात दुपारी दोनला सगळ्याच खोल्या तापलेल्या असतात, त्यामुळे चांगली कोणती आणि वाईट कोणती ते कळत नाही. फरक दिसतो संध्याकाळी. चार-पाच इंचांचा काँक्रीटचा स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि तीन-चार तासांनी ते खाली सोडायला लागतो. वरच्या मजल्यावरची खोली म्हणूनच पाच ते आठ या वेळात सगळ्यात जास्त उकळते. परदेशी लोकांशी कॉल असतात तेही नेमके याच वेळी. स्लॅबखाली उभं राहून हात वर करा. डोक्यावर आच जाणवली तर खोली सोडा, किंवा छताचा खर्च भाड्यातून वळता करून मागा.

डोक्यावर दुसरा मजला असलेला तळमजला सगळ्यात बरा. गावात जाड मातीच्या भिंतींचं जुनं धाब्याचं घर रिकामं असेल आणि धाबं गळत नसेल, तर ते नव्या स्लॅबच्या गाळ्यापेक्षा सरस ठरतं. टिनाचं छत असलेला गाळा कितीही स्वस्त मिळाला तरी नको. पावसात टिनावर थेंब पडायला लागले की समोरच्याचं बोलणंही ऐकू येत नाही.

स्लॅबच घ्यावा लागला तर गच्चीवर चुन्याचे दोन हात द्या किंवा ऊन परतवणारा पांढरा रंग लावा. धूळ बसली की त्याचा गुण जातो, म्हणून दर उन्हाळ्याच्या तोंडाशी, मार्चमध्ये, गच्ची धुऊन पुन्हा एक हात मारा. पश्चिमेच्या भिंतीपासून दीड-दोन फूट अंतरावर नर्सरीवाल्यांची हिरवी जाळी ताणा. भिंतीला चिकटवलेली जाळी फारसं काम करत नाही, मधून हवा खेळली पाहिजे.

जागा कशाच्या शेजारी आहे तेही बघा. हिंगणघाटसारख्या कापसाच्या गावी जिनिंगजवळचा (कापसातली सरकी काढणाऱ्या कारखान्याजवळचा) गाळा दिवाळीनंतर कळा दाखवतो. रुईचे बारीक तंतू लॅपटॉपच्या पंख्यात गुंततात, मशीन गरम होऊन मंदावतं आणि दोष सॉफ्टवेअरवर जातो. तुमसरकडे हेच काम राईस मिलचा कोंडा करतो. मंगल कार्यालयाच्या दोनशे मीटरच्या आत तर जाऊच नका.

कागदांपैकी तीन आधी बघा: ग्रामपंचायतीचा नमुना ८ किंवा नगरपरिषदेची कर पावती, जागा शेतीची असेल तर अकृषक परवाना, आणि वीजबिल. वीजबिल घरगुती असेल आणि तुम्ही तिथं ऑफिस चालवलं, तर वीज कायदा २००३ च्या कलम १२६ खाली दुप्पट दरानं आकारणी होऊ शकते. मीटर व्यापारी करून घ्यायची अट करारातच टाका.

लाईन: आधी फिडर विचारा

महावितरणच्या लाइनमनला पहिला प्रश्न हा विचारा, की ही जागा गावठाण फिडरवर (गावाला वीज पुरवणाऱ्या मुख्य तारेवर) आहे की शेतीच्या. गावाच्या कडेला, शेतात बांधलेली छान हवेशीर इमारत बरेचदा शेतीच्या फिडरवर असते. तिथं थ्री फेज पुरवठा ठरावीक तासच मिळतो, कधी दिवसा तर कधी रात्री. त्या जागेत इन्व्हर्टर किती मोठा घेतला तरी बॅटरी पुरती भरणार नाही.

दुसरा प्रश्न डीपीचा, म्हणजे जवळच्या ट्रान्सफॉर्मरचा. त्या डीपीवर किती मोटारी चालतात? रब्बीच्या ओलितात, म्हणजे ऑक्टोबर ते फेब्रुवारी, व्होल्टेज १८० च्या खाली उतरत असेल तर एसीला स्टॅबिलायझर लागेलच. साधा मल्टिमीटर घेऊन संध्याकाळी आणि पहाटे मोजून बघा.

आता भार मोजा. दहा लॅपटॉप, प्रत्येकी ६५ वॉट, म्हणजे ६५०. दहा मॉनिटर प्रत्येकी २५, म्हणजे २५०. राउटर-स्विच ५०, एलईडी दिवे २००, कमी विजेचे सहा पंखे १८०. हे झाले साधारण १३०० वॉट, आणि एवढंच इन्व्हर्टरवर ठेवायचं. दीड टनाचे तीन एसी वेगळे. ते मिळून पाच किलोवॉटच्या आसपास जातात. पाण्याची मोटार आणि पुढची वाढ धरून १० किलोवॉट थ्री फेजचा मंजूर भार मागा. तिन्ही एसी तीन वेगवेगळ्या फेजवर टाका. पावसाळ्यात एक फेज उडणं नेहमीचंच. अशा वेळी दोन एसी तरी चालू राहतात.

इन्व्हर्टर साडेतीन केव्हीएचा, ४८ व्होल्टचा, आणि १२ व्होल्टच्या, १५० एएचच्या (अँपिअर-तासांच्या) चार ट्यूब्युलर बॅटऱ्या. दुकानदार ४ × १२ × १५० असा गुणाकार करून ७२०० वॉट-तास सांगेल आणि साडेपाच तासांचं वचन देईल. ते धरू नका. बॅटरी भरभर उपसली की तिची ताकद कमी भरते, पार तळापर्यंत उतरवली की आयुष्य घटतं, आणि थोडी वीज इन्व्हर्टर स्वतः खातो. हातात उरतात जवळपास तीन तास. लॅपटॉप भरलेले असतील तर अजून थोडे.

बॅटरी कुठं ठेवता त्यावर ती किती वर्षं टिकेल ते ठरतं. उन्हात तापणाऱ्या जिन्याखाली किंवा पश्चिमेच्या बाल्कनीत ठेवलेली बॅटरी दोन उन्हाळ्यांत बसते. पंचविशीच्या वर दर दहा अंशांना शिशाच्या बॅटरीचं आयुष्य साधारण निम्मं होतं. सावलीची, वारं लागणारी जागा द्या. बंद खोली नको, कारण चार्ज होताना हायड्रोजन सुटतो. एप्रिल-मेमध्ये डिस्टिल्ड वॉटर दर महिन्याला तपासा. जारमधलं किंवा आरओचं पाणी चालत नाही.

अर्थिंगकडे सहसा कुणी बघत नाही, आणि काळ्या मातीत तर ते हमखास दगा देतं. उन्हाळ्यात माती भेगाळते, इलेक्ट्रोडपासून सुटते आणि अर्थिंग नावालाच उरतं. खड्डा करताना आजूबाजूला बेंटोनाइट भरा, वर पाणी ओतायला नळी ठेवा आणि मार्च ते जून दर आठवड्याला बादलीभर पाणी घाला. इलेक्ट्रिशियनकडून रोध मोजून घ्या, तो ५ ओहमच्या आत हवा. घरबसल्या तपासायचं तर सॉकेटमध्ये न्यूट्रल आणि अर्थ यांच्यातलं व्होल्टेज बघा. तीन व्होल्टच्या वर दिसलं तर इलेक्ट्रिशियनला बोलवा. लॅपटॉपच्या धातूच्या अंगाला हात लावल्यावर बारीक झिणझिण्या येतात, तेही बहुतेक वेळा याचमुळे.

बोर्डात तीन गोष्टी बसवून घ्या: ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळाली की लाईन तोडणारा स्विच), विजेच्या झटक्यासाठी सर्ज प्रोटेक्टर, आणि व्होल्टेज फार चढलं की लाईन तोडणारं रिले. हे शेवटचं यासाठी, की वादळात डीपीचा न्यूट्रल तुटला तर सिंगल फेजच्या सॉकेटमध्ये तीनशेच्या वर व्होल्टेज येऊ शकतं आणि एका क्षणात सगळे चार्जर जळतात. मृगाच्या आधी आणि परतीच्या पावसात विजा जास्त पडतात. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संस्थेचं, विजांचा इशारा देणारं दामिनी ॲप दोघा-तिघांच्या फोनवर असू द्या आणि इशारा आला की मॉनिटरचे प्लग काढा.

गारवा: कूलर कधी, एसी कधी

मे महिन्यात ४५ अंशाला हवा इतकी कोरडी असते, की चांगला कूलर आतली हवा तिशीच्या खाली आणतो. वीज एसीच्या दशांश लागते. म्हणून मार्चअखेर ते पहिला पाऊस हा काळ कूलरचा. पाऊस पडला की तोच कूलर खोलीचं दमट पोतं करतो. जुलै ते सप्टेंबर एसीच लागतो. ऑक्टोबरात हवा बघून ठरवा. दोन्ही एकदम कधीच लावू नका. कूलर हवेत पाणी भरतो आणि एसी तेच पाणी काढत बसतो, बिल मात्र दोन्हींचं येतं.

कूलरचं माप असं काढा: खोलीचे घनफूट गुणिले ०.८५, म्हणजे ताशी किती घनमीटर हवा लागेल ते. आपला हॉल ५२८० घनफूट, म्हणजे साधारण ४५०० घनमीटर. एवढी हवा दोन मोठ्या लोखंडी कूलरांत वाटा. ते खिडकीबाहेर, सावलीत, स्टँडवर ठेवा. आत ठेवलेला कूलर तीच ती हवा फिरवतो आणि तासाभरात कागद मऊ पडतात. समोरच्या भिंतीत पाच चौरस फूट तरी उघडं हवं. नवखी माणसं 'गार हवा जाते' म्हणून खिडकी लावून घेतात आणि मग कूलर थंड करत नाही अशी तक्रार करतात.

पाण्याचा हिशेब आधीच करा. दोन कूलर मिळून भर उन्हाळ्यात तासाला २५ ते ३० लिटर पाणी पितात, म्हणजे दिवसाला पाव हजार लिटर. नळ तिसऱ्या दिवशी येत असेल तर हजार लिटरची टाकी फक्त कूलरसाठी ठेवा. अकोला-अमरावती-बुलडाण्याच्या खारपाणपट्ट्यात बोअरचं पाणी वापरलंत तर कूलरच्या ताट्यांवर (बाजूंच्या गवती जाळ्यांवर) क्षार जमून त्या महिन्याभरात दगडासारख्या होतात. तिथं आठवड्यातून दोनदा कूलरची टाकी पूर्ण रिकामी करून ताजं पाणी भरा. नुसतं वरून भरत राहिलं तर क्षार दाट होत जातात.

आणि धोका. लोखंडी कूलरचा शॉक लागून विदर्भात माणसं दगावतात. बहुतेकदा दोष पंपाच्या वायरीत असतो: काळ्या टेपनं गुंडाळलेला जोड टाकीत लोंबतो, पाणी वाढलं की बुडतो. पंपाची वायर अखंड घ्या, जोड टाकीच्या बाहेर काढा, अंगाला अर्थची तार बोल्टनं आवळा. पाणी भरताना नुसतं बटण बंद करून भागत नाही, प्लग काढायचा. ही सूचना कूलरवर ऑइलपेंटनं लिहून टाका, कारण पाणी भरणारा माणूस रोज बदलतो.

एसी घेताना बाहेरचं तापमान ५० अंश किंवा त्याहून जास्त असतानाही चालेल असा घ्या. ही माहिती डब्यावर लिहिलेली असते. बाहेरचं युनिट पश्चिमेच्या भिंतीवर किंवा टिनाच्या वर बसवलं तर नवतपाच्या (मेअखेरच्या सगळ्यात तापत्या नऊ) दिवसांत दुपारी तीनला तो हमखास ट्रिप होणार. उत्तरेला, हवा मागे अडणार नाही असा बसवा.

नेट: दोन कंपन्या, पण एकच खांब?

दोन जोडण्या घेतल्या म्हणजे झालं असं नाही. गावात दोन्हींच्या तारा बरेचदा त्याच खांबावरून येतात आणि वांदरं दोन्हींवर झोके घेतात. तारेचा माग काढत चौकापर्यंत चालत जा आणि ती कुठून येते ते बघा. एक जमिनीखालून येणारी बीएसएनएलची फायबर आणि एक स्थानिक केबलवाल्याची वरून येणारी, असा जोड चांगला. तिसरी सोय सिमवर चालणाऱ्या राउटरची. नालीसाठी जेसीबी लागला की जमिनीखालची तुटते, वादळात वरची. दोन्ही एकाच दिवशी तुटायची शक्यता कमी.

व्हिडिओ कॉलला माणशी ३ ते ४ एमबीपीएस धरा, जाताना आणि येताना दोन्हीकडे. दहा माणसांना ४० पुरतात, म्हणून '३०० एमबीपीएस'च्या जाहिरातीला भुलू नका, अपलोड किती ते विचारा. करार करण्याआधी त्याच जागेवरून २४ तास पिंग (नेट तपासायची कमांड) चालू ठेवा आणि संध्याकाळी सात ते दहा डेटाची किती पाकिटं हरवतात ते बघा. गाव त्या वेळी मोबाइलवर असतं.

केबलवाल्याला एक प्रश्न जरूर करा: लाईन गेल्यावर तुमच्या कंट्रोल रूमची बॅटरी किती वेळ चालते? तुमच्याकडे तीन तासांचा इन्व्हर्टर आणि त्याच्याकडे वीस मिनिटांची बॅटरी असेल, तर तुमचा इन्व्हर्टर दिवे आणि पंखेच चालवणार. राउटर आणि फायबरचा डबा यांना वेगळा छोटा डीसी यूपीएस लावा, नाहीतर इन्व्हर्टरवर जातानाच्या झटक्यात दोन्ही रीस्टार्ट होतात आणि कॉल तुटतो. आतल्या तारा पीव्हीसी पाइपातून न्या. उंदीर उघडी लॅन केबल कुरतडतात. पाली आणि मुंग्या बोर्डात शिरतात, म्हणून रिकाम्या सॉकेटांना झाकणं लावा.

आवाज

इंजिनिअरला मोठा आवाज तेवढा त्रास देत नाही, जेवढा शेजाऱ्याचा अर्धवट ऐकू येणारा कॉल देतो. एका हॉलमध्ये दहा जण आणि त्यातले चार एकदम बोलतायत, तर उरलेल्या सहांचं काम थांबलं असं समजा. म्हणून पहिल्याच दिवशी दोन कॉलच्या खोल्या वेगळ्या काढा, प्रत्येकी ४ बाय ५ फूट. नंतर काढू म्हटलं तर तिथं टेबल बसतं.

फोमचे महागडे पॅनेल मागवायची गरज नाही. कापसाच्या प्रदेशात बसून फोम मागवणं हसू आणणारंच. पिंजाऱ्याकडून तीन इंच जाडीच्या, घट्ट भरलेल्या गाद्या ४ बाय २ फुटांच्या करून घ्या, जाड खादीचा गलेफ घाला आणि लाकडी चौकटीत बसवून दोन लागून असलेल्या भिंतींवर लावा. वायर आणि बोर्डापासून फूटभर दूर ठेवा, कापूस पेट घेतो. घुमणारा आवाज लगेच बसतो. बाहेरून येणारा डीजे मात्र यानं थांबणार नाही. तो दाराच्या फटीतून येतो, तिथं रबराची पट्टी लावा. पावसाळ्यात विंचू-सापासाठीही तीच पट्टी कामी येते.

टेबल-खुर्ची

टेबल गावातल्या सुताराकडून करून घ्या: पाऊण इंची प्लाय, ५ बाय अडीच फूट, उंची २९ इंच, मागच्या बाजूला वायरीसाठी भोक. खुर्ची मात्र सुताराकडून नको आणि प्लास्टिकची तर नकोच. उंची बदलणारी, कंबरेला आधार देणारी घ्या. पाय जमिनीला टेकत नसतील त्यांना पाट द्या. मॉनिटरची वरची कड डोळ्यांच्या रेषेत, अंतर हातभर. खिडकी समोर किंवा पाठीमागे नको, बाजूला असावी. प्रत्येक टेबलाला सॉकेटचे पॉइंट आजच दुप्पट काढून ठेवा.

वेळा, एसटी आणि सुट्ट्या

गारव्याएवढाच त्रास कामाच्या वेळांचा असतो आणि मुख्य ऑफिसला तो सगळ्यात उशिरा कळतो. न्यूयॉर्कचे सकाळचे नऊ म्हणजे आपल्याकडे उन्हाळ्यात संध्याकाळचे साडेसहा, हिवाळ्यात साडेसात. लंडनचे नऊ म्हणजे दुपारचे दीड किंवा अडीच. बाजूच्या खेड्यांतून येणाऱ्यांची शेवटची एसटी न्यूयॉर्कच्या कॉलच्याच सुमारास सुटते. आगारातून वेळापत्रकाचा फोटो काढून आणा आणि तो समोर ठेवूनच कॉलच्या वेळा ठरवा. उशिराचे कॉल आठवड्यातून दोनच दिवस आणि तेही घरून, एवढं एकदा लेखी ठरलं की रोजची ओढाताण थांबते. एखादी महिला इंजिनिअर रात्री थांबणार असेल तर तिची लेखी संमती आणि घराच्या दारापर्यंत गाडी, दोन्ही लागतं.

मे महिन्यात दुपारी बारा ते चार कुणालाही दुचाकीवर यायला लावू नका. सकाळी सातला सुरू करून दुपारी घरूनच काम, ही पद्धत चालते. दुपट्टा बांधून येणाऱ्याला आल्या आल्या एसीच्या झोताखाली बसवू नका, दहा मिनिटं माठाचं पाणी पिऊन पंख्याखाली बसू द्या. उन्हाळ्यात पिण्याचं पाणी माणशी चार-पाच लिटर धरा, म्हणजे वीस लिटरचे दोन-तीन जार रोज. ओआरएसची पाकिटं प्रथमोपचार पेटीत असू द्या. दोन संडास, त्यातला एक फक्त महिलांचा, आतून नीट लागणारी कडी आणि झाकणाची कचरापेटी. 'नंतर बघू' म्हणून हेच सर्वात जास्त लांबवलं जातं.

सुट्ट्यांची यादी मुख्य ऑफिसातून येते, त्यात पोळा नसतो. तो स्वतः टाकून घ्या, शक्य तर तान्ह्या पोळ्यासकट. बहुतेकांच्या घरी शेती आहे, तेव्हा जूनमध्ये पेरणीला आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरात सोयाबीन-कापसाला रजा मागितल्या जाणारच. सर्व्हर बिघडल्यावर रात्री उठायची पाळी या महिन्यांत कुणाची, ते एप्रिलमध्येच कागदावर मांडा. दोघांच्या शेतात एकदम पेरणी आली तर पुण्यातला एक जण पाळीत धरा.

माणसं वाढली की

दहा माणसं झाली की लैंगिक छळ प्रतिबंधक कायदा २०१३ प्रमाणे अंतर्गत समिती लागते. अध्यक्ष वरिष्ठ महिला, बाहेरचा एक सदस्य, आणि निम्म्या तरी महिला. तालुक्याच्या गावी बाहेरचा सदस्य शोधायला वेळ जातो, म्हणून आठव्या माणसालाच शोध सुरू करा. गुमास्ताच्या, म्हणजे दुकाने-आस्थापना कायद्याखालच्या, कागदात माणसांचा आकडाही तेव्हाच सुधारा.

बारावं टेबल लावण्याआधी तीन आकडे पुन्हा मोजा: इन्व्हर्टरवरचा भार, कॉलच्या खोल्या आणि संडास. दोन नव्या माणसांनी भार दोनशे वॉटच्या आत वाढतो, म्हणजे तीन तासांची बॅटरी अडीचवर येते. कॉलची खोली पाच माणसांमागे एक धरा. खोली मोडून टेबल लावायची सूचना मुख्य ऑफिसातून येईल तेव्हा शेजारच्या गाळ्याचं भाडं विचारून ठेवलेलं असू द्या.